गटारीला साठवलेलं आतडं

आपलं पोट आपल्याला कळतं, हा माणसाचा फार जुना गैरसमज आहे. गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्यायलं की लोकांना वाटतं, झालं औषध लागू. अहो, गोळी पोटात जाणं म्हणजे पाहुणा एस.टी. स्टँडवर उतरणं. घरी पोचायचं अजून बाकीच असतं. ती फुटली पाहिजे, विरघळली पाहिजे, मग आतड्याच्या भिंतीतून पलीकडे रक्तात गेली पाहिजे. यातलं एक जरी बिनसलं, तर ती आली तशी दुसऱ्या दिवशी बाहेर पडते आणि माणूस डॉक्टरला शिव्या घालतो.

गोळीतलं औषध किती पलीकडे जाईल, याचा आधीच अंदाज बांधायचा, हे माझं एकतीस वर्षांचं काम. राहुरी आणि श्रीरामपूरच्या मध्ये एका फार्मसी कॉलेजात मी लॅब टेक्निशियन होते. संपादकांनी ‘आपल्या क्षेत्रातील प्रेरणादायी अनुभव’ लिहायला सांगितलंय. प्रेरणादायी माझ्याकडे काही नाही. बोकडाची आतडी आहेत. चालत असतील तर वाचा, नाहीतर पुढच्या पानावर राशिभविष्य असेलच.

तर आतडी. माणूस प्रयोगासाठी स्वतःचं आतडं काढून देत नाही, म्हणून बोकडाचं घ्यायचं. कॉलेजजवळच्या गावात करीमभाईचं मटणाचं दुकान होतं. सकाळी मी थर्मास घेऊन तिथं उभी राहायची. थर्मासात बर्फगार मिठाचं पाणी. बोकड कापल्या कापल्या करीमभाई लहान आतड्याचा वरचा हातभर तुकडा त्यात सोडायचा, आणि तिथून अर्ध्या तासात तो माझ्या टेबलावर यायला हवा. घाई अशासाठी की आपल्याला आतडं जिवंत लागतं. बोकड मेला तरी आतडं थोडा वेळ जिवंत असतं. हे डॉक्टरेट झालेल्या किती जणांना मी समजावून सांगितलं, त्याचा हिशोब नाही. करीमभाईला मात्र एकदाही सांगावं लागलं नाही.

“बाई, कोमट पान्यात सोडून बघा,” तो म्हणायचा. “जित्तं आसंल तर चुळबुळतंय. मेलेलं नुस्तं लोंबतंय.”

टेबलावर आणलं की ते धुवायचं आणि काचेच्या कांडीवर चढवून उलटं करायचं, झग्याची बाही उलटी करतो तसं. म्हणजे औषध शोषून घेणारा आतला पदर बाहेर येतो. दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधायची, पिशवीत थोडं मीठ-साखरेचं पाणी भरायचं, आणि औषध घातलेल्या कोमट पाण्यात ती पिशवी टांगायची. खालून हवेचे बुडबुडे सोडायचे, नाहीतर बिचारं गुदमरतं. मग दर पंधरा मिनिटांनी पिशवीत किती औषध उतरलं ते मोजायचं. एवढंच. याला संशोधन म्हणतात, आणि त्यावर माणसं ‘डॉक्टर’ होतात. दोरा मी बांधायची, डॉक्टर ते व्हायचे.

एकदा थर्मास घेऊन एस.टी.त बसले होते. शेजारच्या बाईनं प्रेमानं विचारलं, “चहा हाय का वं?” मी म्हटलं, “नाही, आतडी आहेत.” त्या दिवशी कॉलेजच्या थांब्यापर्यंत अख्खं बाक मला एकटीला मिळालं. पुढे गर्दी असली की मी न विचारताच सांगायला लागले.

गिऱ्हाइकं तर काय एकेक! तिसगावहून एक चूर्णवाला यायचा. त्याच्या हळदीच्या गोळीला ‘शंभर टक्के शोषण’ असं प्रमाणपत्र हवं होतं, डबीवर छापायला. मी तीन पिशव्या टांगल्या आणि तासाच्या वर वाट पाहिली. हळद भाजीत लाख गुणाची असेल, पण आतड्यातून पलीकडे जायचा तिला मोठा कंटाळा. पिशवीतलं पाणी पिवळंसुद्धा झालं नाही. तसं सांगितल्यावर चूर्णवाला भडकला. “बाई, बोकडाला काय कळतंय? माजं गिऱ्हाईक मान्सं हायेत!” हे मात्र अगदी खरं होतं. बोकडानं नाकारलेली ती गोळी माणसं पुढं कित्येक वर्षं रांगेत उभी राहून घेत होती.

लॅबमधल्या माझ्या शेवटच्या वर्षांत प्रज्वल नावाचा पीएच.डी.चा विद्यार्थी आला. तो म्हणाला, “मॅडम, आता आतडी जुनी झाली. संगणकच सांगतो.” त्यानं औषधाची रचना संगणकात भरली आणि चहा संपायच्या आत उत्तर आलं. मी विचारलं, “उपाशीपोटी की पिठलं-भाकरी खाऊन?” तो म्हणाला, जेवणानंतरचा पर्याय आहे की. जेवण कुठलं, ते मात्र अमेरिकेत कुणीतरी ठरवलेलं होतं. लोण्यात तळलेली अंडी वगैरे. आमच्या राहुरीच्या माणसाच्या पोटात ती कोण नेऊन ठेवणार? मला संगणकाचा राग नाही. त्याला खरं सांगितलं तर तो इमानानं खरं गणित करतो, खोटं सांगितलं तर तितक्याच इमानानं खोटं. आमच्या साहेबांपेक्षा तो बरा, कारण त्याला पदोन्नती नको असते.

आता साहेबांकडे येते. ते आमचे विभागप्रमुख. नाव लिहीत नाही, कारण त्या नावाला अजून हारतुरे मिळत असतात. आणि ज्या एका गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, तिच्यात माझंही नाव आहे.

आमच्या शास्त्राला श्रावण लागतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. श्रावणात गावातलं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मटण सोडतं. करीमभाई दुकान बंद ठेवून शेताकडे बघायचा. बोकड नाही तर आतडं नाही, आणि आतडं नाही तर संशोधन नाही. महिनाभर आमचे भावी शास्त्रज्ञ कॅन्टीनमध्ये भजी खात बसायचे. मला यात काही वावगं वाटायचं नाही. मीही त्या महिन्यात उपास करायची आणि काचेची भांडी घासून ठेवायची.

पण त्या वर्षी साहेबांनी एका गोळ्यांच्या कारखानदाराचं काम घेतलं होतं. मिरगीची गोळी. जुन्या, चांगल्या चालणाऱ्या गोळीसारखीच स्वस्त गोळी त्यानं बनवली होती. औषध तेच, फक्त आत भरायची पावडर वेगळी. आता मिरगीच्या औषधाचं गणित फार नाजूक असतं. थोडं कमी पोचलं की फिट आलीच. दोन्ही गोळ्या पोटात सारख्याच लागू होतात, असा अहवाल त्याला हवा होता, आणि तोही श्रावण संपायच्या आत.

साहेबांनी तोडगा काढला. गटारी अमावस्येला, श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशी, करीमभाईच्या दुकानासमोर लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी असते. दिवसभर बोकडं पडतात. साहेबांनी शिपायाला पाठवून पिशवीभर आतडी मागवली आणि फ्रीजरमध्ये कोंबली. महिन्याचा शिधाच भरला म्हणा ना.

मी म्हटलं, “साहेब, ही गोठली की मरतात. त्यांचा पदर फाटतो.”

“सुमनबाई, आतडं ते आतडं,” साहेब म्हणाले. “तुम्ही दोरा बांधा.”

मी दोरा बांधला. पण आधी आमच्या रिवाजाप्रमाणे एक तांबडा रंग बाहेरच्या पाण्यात घातला. जिवंत आतडं हा रंग आत येऊ देत नाही. तो आत आला तर समजायचं की भिंत गेली. दहा मिनिटांत पिशवीतलं पाणी गुलाबी झालं. मी ती पिशवी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाले, “रंग घालायची गरजच काय होती?”

मेलेलं आतडं कशालाही नाही म्हणत नाही. विरघळलेलं औषध जाऊ देतं, आणि न विरघळलेली भुकटीही जाऊ देतं. पुढे मोजताना नमुन्यात स्पिरिट घालतात, त्यात ती भुकटीही विरघळते आणि औषध म्हणून मोजली जाते. त्यामुळे दोन्ही गोळ्या अगदी जुळ्या बहिणी निघाल्या. नुसत्या पाण्यात गोळी विरघळवायची जी दुसरी चाचणी असते, तिच्यात साहेबांनी वाजवीपेक्षा जास्त साबण घालायला लावला. तेवढ्या साबणात वीटसुद्धा विरघळली असती. अहवाल तयार झाला. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख. खाली ‘प्रयोग करणार’ म्हणून माझी सही हवी होती. मी केली.

भीतीनं केली असं म्हणाले तर लोक मला माफ करतील. पण तसं नव्हतं. माझी नोकरी कायम होती, साहेब माझं काही वाकडं करू शकत नव्हते. मी सही केली ती त्या कागदाला तुच्छ मानून. मला वाटलं, असल्या रद्दीवर कोण विश्वास ठेवणार? एखादा शहाणा माणूस वाचेल आणि साहेबांचं हसं होईल, तेव्हा आपण गंमत बघू. मी मनातल्या मनात इतकी हसत होते, की हा कागद कुणी खरा मानेल हे मला सुचलंच नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा श्रावण आला. दुकान बंद, लॅब रिकामी. आणि एका सकाळी करीमभाई लॅबच्या दारात. इतक्या वर्षांत तो कॉलेजात कधी आला नव्हता. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यानं ती उघडून गोळ्यांच्या दोन पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

“बाई, तुमी आतड्याच्या जानकार,” तो म्हणाला. “पोरगी खोटं बोलती का गोळी, एवडं सांगा.”

त्याची मुलगी नसीम एकोणीस वर्षांची. लहानपणापासून मिरगी. पण तीन वर्षांत तिला एकही फिट आली नव्हती, आणि आणखी एक वर्ष असंच गेलं तर गोळ्या कमी करू, असं डॉक्टर म्हणाले होते. गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. मग ज्या धर्मादाय दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या, तिथं जुनी पट्टी बंद होऊन नवी सुरू झाली. दोन महिन्यांत नसीमला भाकरी टाकताना फिट आली आणि हात तव्यावर पडला. डॉक्टरनं डोळे मिटून निदान केलं, गोळ्या चुकवल्या असणार. श्रीरामपूरच्या ज्या घरी तिचं ठरत होतं, त्यांनीही तेच म्हटलं. आजाराचं त्यांना आधीच सांगितलं होतं, त्याचं काही नव्हतं, पण बेफिकीर पोरगी नको. नसीम शपथेवर सांगत होती की एकही गोळी चुकवली नाही.

“मंग म्या सोता द्याया लागलो,” करीमभाई म्हणाला. “माज्या हातानं. तरीबी परवा आली. घरचे पैल्यापास्नं म्हंत्यात, जिभंखाली धरती आन् थुकती. मलाबी तसंच वाटाया लागलं व्हतं. लई बोल्लो तिला. शिलाई मशीनला कुलूप घातलं. काल ती म्हन्ली, जुनी पट्टी उरलीया त्यातली, दोनी घिऊन जा कुनाकडं तरी. म्हून आलो.”

मी नवी पट्टी उलटी केली. मागं त्या कारखान्याचं नाव छापलेलं होतं. ते वाचलं आणि मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, “करीमभाई, आतडं नाही. श्रावण आहे.”

“त्याची काळजी न्हाई. घरचं बोकड हाय,” तो म्हणाला. “उद्या सकाळी आनतो.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कॉलेज बंद, किल्ली माझ्याकडे. करीमभाई मोटरसायकलवरून थर्मास मांडीत धरून आला. एका गिऱ्हाइकासाठीही जो माणूस श्रावणात सुरी काढत नसे, त्यानं घरचा बोकड एका हातभर आतड्यासाठी कापला होता. आतडं कोमट पाण्यात सोडलं. ते चुळबुळलं. तांबडा रंग घातला. तो बाहेरच थांबला, पिशवीतलं पाणी स्वच्छ. मग मी दोन्ही गोळ्या साध्या पाण्यात, बिनसाबणाच्या, शरीराइतक्या उबेला ढवळल्या. जुनी विरघळली. नवीचा गाळ तळाशी बसला. जुन्या गोळीच्या पिशवीत औषध उतरत राहिलं, नवीच्या पिशवीत त्याच्या निम्म्यानंही नाही. खात्रीसाठी तीन-तीन पिशव्या केल्या. तिन्ही वेळा तेच.

बोकडाचं आतडं म्हणजे माणसाचं नव्हे, हे मला ठाऊक आहे. मी आयुष्यभर तेच सांगत आले. पण करीमभाई स्टुलावर बसून माझे हात बघत होता, आणि त्याला ते असलं काही सांगायची माझ्यात हिंमत नव्हती.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. मी सगळं लिहून नगरच्या औषध खात्याच्या कचेरीत माझ्या नावानं पाठवलं. गटारीच्या आतड्यांसकट, माझ्या सहीसकट. दोन माणसं आली, पट्ट्या घेऊन गेली. कारखानदारानं ती गोळी ‘आपण होऊन’ बाजारातून काढून घेतली. म्हणजे चोरानंच ‘चोर पकडा’ म्हणून ओरडायचं. दवाखान्यात जुनी गोळी परत आली. साहेब दोन वर्षांत प्राचार्य झाले. आता ते संशोधनातल्या सचोटीवर भाषणं देतात, आणि मुलं टिपणं काढतात. मला भांडारात बसवलं, निवृत्तीपर्यंत बाटल्यांची झाकणं बघत. मधून मधून लॅबमधली मुलं दोरा बांधायला मला बोलावून नेत, कारण त्यांच्या गाठी सुटायच्या. यातल्या कशाचंही मला फारसं वाईट वाटलं नाही.

त्या रविवारी मात्र मी करीमभाईच्या मागे मोटरसायकलवर बसून त्याच्या घरी गेले. नसीम ओट्यावर बसून लसूण सोलत होती. उजव्या हातावर मनगटापासून बोटांपर्यंत कातडी आक्रसून गुलाबी झालेली, त्यामुळे डाव्या हातानं सोलत होती.

मी म्हटलं, “नसीम, तू खरं बोलत होतीस. गोळीच नीट विरघळत नव्हती.”

तिनं मान खाली घातली नाही, रडलीही नाही. “मंग ती कुनी आदी तपासली न्हवती का?”

“तपासली होती.”

“कुनी?”

“मी. मेलेल्या आतड्यावर. मला माहीत होतं, तरी सही केली.”

करीमभाई दाराशी उभा होता. तो माझ्याकडे बघतच राहिला. दर सकाळी, आतडं अर्ध्या तासात टेबलावर पोचलं पाहिजे म्हणून माझा जीव खाणारी बाई ती हीच का, असं काहीतरी त्याच्या डोक्यात चाललं असावं.  

नसीमनं हात पुसले. “तुमी सह्या लई सोप्या करता बाई,” ती म्हणाली. मी आयुष्यात पुष्कळांना टोमणे मारले. एवढा नेमका एकही मला जमला नव्हता.

ती आत गेली आणि ब्लाऊजची मापं लिहायची वही घेऊन आली. मागचं कोरं पान फाडून तिनं माझ्यापुढं ठेवलं. “मराठीत लिवा. नसीमनं एकबी गोळी चुकवली न्हाई. लिवा.”

खरं म्हणजे माझ्या पिशव्यांवरून एवढं सिद्ध होत नव्हतं. तिनं काय गिळलं आणि काय नाही, ते कुठलंच आतडं मला सांगू शकत नव्हतं. मी ते वाक्य तिनं सांगितलं तसंच लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली.

तिनं ते मोठ्यानं वाचलं. मग कागद आणि पेन बापापुढं धरलं. “अब्बा, तुमीबी करा.”

“म्या कशाला? म्या काय डाक्टर हाय?”

“तुमी रोज माजं तोंड उघडून जिभंखाली बोट घालून बघत हुता. दोन महिने. एकदा तरी गोळी घावली का?”

करीमभाईनं नकारार्थी मान हलवली.

“मंग करा सही.”

त्यानं ओट्यावर बसून गुडघ्यावर कागद घेतला. त्याला नाव लिहायला फार वेळ लागला, आणि तो लिहीत होता तोवर आम्ही दोघींपैकी कुणीही त्याला मदत केली नाही.